खोटा वाजलेला डबा

निवृत्त झाल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या कॉलनीतल्या बायकांनी मला गच्चीवर पापड वाळवताना गाठलं आणि विचारलं, "साळवेबाई, तुम्ही इतकी वर्षं त्या संस्थेत नेमकं काय करत होता हो?" लॅबमध्ये होते म्हटलं, की लोक घरात जाऊन आपले रिपोर्ट घेऊन येतात हा माझा अनुभव. म्हणून त्या दिवशी खरं ते सांगून टाकलं. "उंदरांचं रक्त काढत होते." पुढच्या वर्षी पापड लाटायला मला कुणी बोलावलं नाही.

बायकांचा दोष नाही. आमचं कामच असं, की सांगितलं तर किळस येते आणि नाही सांगितलं तर लोकांना वाटतं आपण नुसत्या खुर्च्या झिजवल्या. मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. मधुमेहावर संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांची पिढीच्या पिढी माझ्या टेबलापाशी उभी राहून शिकली, डॉक्टर झाली, आणि पेढे द्यायला येताना मला "बाई" म्हणूनच हाक मारत राहिली. त्या सगळ्यांतल्या एकीच्या बारा उंदरांची ही गोष्ट आहे. ती सांगताना मला आनंद होतो आणि एका ठिकाणी लाजही वाटते.

आधी थोडी माहिती दिली पाहिजे. आपल्या जठराच्या मागे स्वादुपिंड नावाची ग्रंथी असते. तिच्यात पेशींचे बारीक पुंजके विखुरलेले असतात. भोवती सगळ्या वेगळ्या पेशी आणि मध्येच हे पुंजके, म्हणून त्यांना बेटं म्हणतात. इन्सुलिन बनवतात ती ही बेटं. उंदराच्या स्वादुपिंडातून ती सुटी करायची, रंगाने लाल करायची आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली एकेक करून पिपेटने वेचायची. खसखशीहून कितीतरी बारीक. ताक घुसळल्यासारखा हात चालवलात तर बेट फुटतं. शेकडो बेटं एका बैठकीत वेचायची तर श्वाससुद्धा बेतानं घ्यावा लागतो. हे काम आमच्या संस्थेत माझ्याइतकं चांगलं कुणाला जमत नव्हतं, हे मी आता बिनदिक्कत लिहिते, कारण प्रमोशनचा प्रश्न मिटला आहे.

ही वेचलेली बेटं मधुमेही उंदराच्या किडनीवर जो पातळ पापुद्रा असतो त्याखाली ठेवली, की काही दिवसांत त्याची साखर खाली येते. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मी मीटर बिघडलं असं समजून सेल बदलले होते. सगळ्या नसा तुटलेल्या, जागा परकी, तरी बेटं निमूट कामाला लागतात. मला त्यांचं फार कौतुक वाटतं, अजूनही.

पण बेटांचं एक काम साखरेच्या भरवशावर चालत नाही. जेवणाचा वास आला, ताटांचा आवाज झाला, की मेंदूकडून पोटाकडे उतरणाऱ्या एका लांब नसेतून निरोप जातो आणि बेटं थोडं इन्सुलिन आधीच सोडून ठेवतात. घास तोंडात गेलेला नसतो, साखर वाढलेली नसते. पाहुणे अजून बसस्टँडवर असतात आणि घरात चहाचं आधण चढलेलं असतं, तसं. बेटं काढून दुसरीकडे ठेवली की ही नस तुटते. मग नव्या जागी नसा पुन्हा त्यांच्यापर्यंत पोचतात का? आणि पोचल्या तर बेटं त्यांचं ऐकतात का? आरती जाधव या पैठणच्या मुलीनं पीएचडीसाठी हा प्रश्न घेतला होता.

आरतीची आई मागावर पैठणी विणायची. त्या घरातली असल्यामुळे असेल, पण मुलीचा हात बारीक कामाला पहिल्या दिवसापासून बसलेला होता. स्वभाव मात्र घायकुतीचा. एक आकडा चुकला की डोळ्यांत पाणी. आणि तिचे आकडे चुकायलाच लागले.

झालं असं, की आधी निरोगी उंदरांच्या उपाशीपोटी रक्तात इन्सुलिन किती ते मोजायचं होतं. ते काही दिवस कमी यायचं आणि काही दिवस एकदम वर. किट बदललं, रसायनं बदलली. शेवटी सरांनी, म्हणजे तिच्या मार्गदर्शकांनी, माझ्याकडे पाहून विचारलं, "बाई, डोळे तपासलेत का एवढ्यात?" मला राग आला. मी वहीत प्रत्येक नमुन्यापुढे घड्याळातली वेळ लिहायला लागले. आठवड्याभरात दिसलं, की दहाच्या आधी काढलेलं रक्त शहाण्यासारखं वागतं आणि दहाच्या नंतरचं वर जातं.

दहाला प्राणिगृहात चांदभाई यायचे. हे सिल्लोडचे. उंदरांची देखभाल त्यांच्याकडे. उंच, वाकलेले, आणि बोलणं असं, की एका वाक्यात मराठी, हिंदी आणि दखनी तिन्ही गुण्यागोविंदाने नांदायच्या. त्यांच्या हातात वनस्पती तुपाचा एक जुना पत्र्याचा डबा असे, खाद्याच्या गोळ्यांनी भरलेला. दारातून आत आले, की ते पत्र्याच्या मापाने डब्यावर तीनदा वाजवायचे. दोन जवळजवळ आणि एक जरा थांबून. टक्-टक्, टक्. त्यासरशी सगळे उंदीर पिंजऱ्याच्या जाळीवर उभे. मग गोळ्या. सोळा-सतरा वर्षं हेच. मी रोज ऐकत होते आणि मला कधी ते ऐकू आलं नव्हतं.

उंदरांना मात्र आलं होतं. डबा वाजला की रक्तासाठी उपाशी ठेवलेल्यांचीही बेटं, घास मिळायच्या आधीच, इन्सुलिन सोडून मोकळी होत होती.

सरांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग खुर्चीतून उठले. आरतीला जो इशारा हवा होता तो रोज सकाळी दहाला फुकट वाजत होता! ठरलं असं, की चार निरोगी उंदीर, चार महिन्याभरापूर्वी बेटं बसवलेले आणि चार तीन महिन्यांपूर्वी बेटं बसवलेले, अशा बारांना रोज ठरल्या वेळी डबा वाजवून जेवू घालायचं. मानेजवळच्या शिरेत बारीक नळी बसवून ती पाठीवर बाहेर काढायची, म्हणजे उंदराला हात न लावता रक्त घेता येतं. मग एके दिवशी डबा वाजवायचा, दोन आणि चार मिनिटांनी रक्त घ्यायचं, आणि खायला द्यायचंच नाही. म्हणजे वाढलेलं इन्सुलिन नसेमुळे वाढलं, अन्नामुळे नाही, हे सिद्ध.

चांदभाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "नक्को साहेब. वाजवीन, पर मग द्यावं लागंल."

"एकच दिवस, चांदभाई."

"एक दिवस का असंना. मी कधी खाली डबा वाजवला नाय, वाजवला की दिलं. यांना दुसरं काय ठाऊक हाय? सुया ठाऊक हाय, अन् हे ठाऊक हाय. यात खोटं नाय चालायचं."

सर समजावत राहिले, चांदभाई "हौ साहेब, हौ साहेब" म्हणत राहिले आणि ऐकले नाहीत. मला त्या वेळी तो आडमुठेपणा वाटला. प्राणिगृहातला माणूस प्रयोग कसा करायचा हे ठरवणार? माझ्या मनात हेच होतं.

पुढच्याच आठवड्यात चांदभाई पुतणीच्या लग्नाला सिल्लोडला गेले, चार दिवस. आरतीही आईच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून पैठणला. बाराही उंदरांना शिरेतल्या नळ्या नुकत्याच बसवल्या होत्या; त्यांना खायला घालायचं काम माझ्याकडे आलं. जाताना चांदभाईंनी डबा माझ्या हातात देऊन एवढंच सांगितलं, "वाजवा अन् लगीच द्या, बाई."

मी काय केलं ते लिहिते. मला वाटलं, खऱ्या परीक्षेआधी सराव करून घ्यावा. दोन मिनिटांचं आणि चार मिनिटांचं रक्त वेळेत निघतं का ते बघावं. आणि सराव करायचा तर खऱ्यासारखाच करावा, म्हणून डबा वाजवायचा आणि खायला तासाभराने द्यायचं. आरती येईल तेव्हा तिला तयार पद्धत हातात देईन, सर म्हणतील वा बाई, हेही मनात होतं. मी एका उंदरासाठी डबा वाजवला, रक्त घेतलं. दुसऱ्यासाठी वाजवला, रक्त घेतलं. असं बारा वेळा. असं चार दिवस. रक्ताच्या नळ्यांवर तारखा लिहून त्या फ्रीजरमध्ये ठेवत गेले. हात अगदी सराईत झाला. ताल तर इतका जमला, की माझं मलाच कौतुक वाटायला लागलं.

एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. बाराही पिंजरे एकाच खोलीत होते. एकासाठी वाजवलं तरी बारा जण ऐकत होते.

पाचव्या दिवशी चांदभाई आले. लग्नातला शिरखुर्मा डब्यात घालून माझ्यासाठी आणला होता. तो टेबलावर ठेवला, प्राणिगृहात गेले आणि टक्-टक्, टक्. मी मागेच उभी होते. एकही उंदीर उठला नाही. तीन महिन्यांपूर्वी बेटं बसवलेल्यांतल्या सात नंबरनं मान वर केली आणि पुन्हा शेपटीवर ठेवली.

चांदभाईंनी परत वाजवलं नाही. गोळ्या टाकल्या, डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "क्या किया बाई?"

"काही नाही," मी म्हणाले. तीस वर्षांच्या नोकरीत मी असं धडधडीत खोटं पहिल्यांदाच बोलले, आणि तेही शिरखुर्मा आणणाऱ्या माणसाशी.

दुपारी आरती पैठणहून आली. उंदीर डब्याला दाद देत नाहीत हे कळल्यावर ती बसलीच. तिची नोंदणीची मुदत संपत आली होती. नव्याने बेटं बसवून तीन महिने थांबायला वेळ नव्हता. उंदरांच्या शिरेतल्या नळ्याही फार तर तीन आठवडे टिकणार, आत गुठळी झाली की संपलं. "बाई, माझं काय व्हायचं आता?" ती म्हणाली. "चार वर्षं गेली हो. आई म्हणते, उंदरांपायी लेकीचं सगळंच राहिलं. मी तिला काय सांगू?"

मी तिला पाणी दिलं. फ्रीजरमध्ये माझ्या अक्षरातल्या त्या सगळ्या नळ्या होत्या. त्या सिंकमध्ये ओतल्या असत्या तर कुणाला काही कळलं नसतं. बेटं बिघडली असतील, नळीतून काही गेलं असेल, अशी शंभर कारणं आमच्या धंद्यात मिळतात. मी फ्रीजरपाशी गेले, दार उघडलं, पुन्हा लावलं. मग ट्रे बाहेर काढून आरतीच्या पुढ्यात ठेवला आणि चांदभाईंनाही बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. सांगताना रडू आलं, ते लपवलं नाही.

आरती एकेक नळी उचलून तारखा वाचत होती. चांदभाईंनी डब्याचं झाकण फिरवलं. मग म्हणाले, "किती दिवस हायेत?"

"फार तर पंधरा," आरती म्हणाली.

"लई झाले." आणि डबा माझ्यापुढे सरकवला. "मी नाय वाजवनार. तुम्ही तोडलं, तुम्हीच जोडायचं. रोज वाजवा, वाजवल्याबरोबर द्या. एक सेकंद उशीर नक्को."

दुसऱ्या दिवसापासून मी वाजवायला लागले. खरी परीक्षा व्हायची त्या शेजारच्या छोट्या खोलीत एकेक पिंजरा नेऊन, त्याच्यापुरतंच, दिवसातून तीनदा थोडं थोडं. चांदभाई दाराशी स्टुलावर. पहिल्या दिवशी गोळी नाकापाशी पडेपर्यंत कुणी हललं नाही. दुसऱ्या दिवशी तेच. मी घाईने वाजवायला लागले की चांदभाई म्हणायचे, "सबर, बाई. आपल्याला घाई हाय, त्यांना नाय." तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. मी म्हटलं, "चांदभाई, तुम्हीच वाजवा ना, तुमच्यावर लवकर विश्वास बसेल." तर म्हणाले, "माझ्यावर बसंल. डब्यावर बसायला पायजे." मी पुढचा पिंजरा आणायला गेले.

पाचव्या दिवशी सात नंबर उठला. नुसते पुढचे पाय जाळीवर टेकवले आणि माझ्याकडे बघत राहिला. मी गोळी टाकायची विसरले, तर दाराकडून आवाज आला, "अरे द्या की!" दहाव्या दिवशी बाराही उंदीर टक् झालं की उभे राहत होते. मला इतका आनंद माझ्या मुलीचा दहावीचा निकाल लागला तेव्हाही झाला नव्हता. मुलीला हे सांगितलेलं नाही.

मग परीक्षा. चांदभाईंची अट तशीच होती आणि आता माझीही तीच होती. आरतीनेच तोड काढली. नसेचा निरोप दोन ते चार मिनिटांत पोचतो. तर वाजवायचं, चार मिनिटांत दोनदा रक्त घ्यायचं, आणि लगेच खायला द्यायचं. अन्न पोटात जाण्याआधी आपलं काम झालेलं असतं. खोटं काहीच नाही. चांदभाईंनी थोडा विचार केला. "चार मिनिट? आमच्या घरी पंगतीत ह्याच्याहून जास्त थांबावं लागतं," म्हणाले, आणि परवानगी दिली.

मी वाजवलं, आरतीनं रक्त घेतलं. तीन दिवस, रोज चार उंदीर. मग सगळे नमुने, माझ्या खोट्या दिवसांचेसुद्धा, एकाच वेळी मोजायला लावले. आमच्या तपासणीत प्लेटमधल्या बारीक खड्ड्यांत नमुने टाकतात आणि शेवटी पिवळा रंग येतो. जितका गडद, तितकं इन्सुलिन जास्त. प्लेट उजेडात धरली तेव्हा सर, आरती आणि मी वाकून बघत होतो. निरोगी उंदरांचे खड्डे डबा वाजल्यावर गडद. महिन्याभरापूर्वी बेटं बसवलेल्यांचे फिके, होते तसेच. आणि तीन महिन्यांपूर्वीच्या चारांपैकी तिघांचे गडद झालेले, निरोग्यांइतके नाही, पण डोळ्यांना दिसावेत इतके. किडनीवर परक्या जागी बसलेली ती बेटं पत्र्याच्या डब्याचा आवाज ऐकत होती.

आणि माझ्या नळ्या! पहिल्या दिवशी सकाळी गडद, दुसऱ्या दिवशी फिकट, चौथ्या दिवशी पाणी. निरोगी उंदरांत आणि जुन्या बेटांच्या उंदरांतही, अगदी पावलावर पाऊल टाकून. सर प्लेटकडे बघत म्हणाले, "बाई, हे बघा. उंदरांचा विश्वास गेला तशी बेटंही गप्प झाली. म्हणजे बेटं साखरेचं नाही, मेंदूचं ऐकत होती. ह्याहून चांगला पुरावा मी ठरवूनही आखला नसता." नंतर त्यांनी औषधानं ती नस थोडा वेळ बंद करून पाहिली, तेव्हाही बेटं गप्प झाली. आरतीनं प्रबंधात माझे चार दिवस जसेच्या तसे लिहिले. "तंत्रज्ञाच्या चुकीमुळे," असं वाक्य होतं. तिनं ते मला आधी दाखवलं आणि विचारलं, काढू का? मी म्हटलं, राहू दे.

शेवटचं सांगायचं राहिलं. नसा खरंच बेटांत शिरल्यात का हे किडनी बाहेर काढल्याशिवाय, म्हणजे उंदीर मारल्याशिवाय, दिसत नाही. तशी परवानगी आधीच घेतलेली असते आणि ते काम मीच आजवर शेकडो वेळा केलं होतं. ठरल्या दिवशी सकाळी चांदभाई म्हणाले, "उपाशी नका पाठवू." सरांनी हो म्हटलं. मी डबा वाजवला. सात नंबर सगळ्यांच्या आधी उठला. मी त्याला नेहमीपेक्षा दोन गोळ्या जास्त दिल्या आणि तो खाऊन होईपर्यंत थांबले. मग त्याचा पिंजरा उचलून नेला.

पुढे काही आठवड्यांनी काचपट्ट्या तयार झाल्या. काळोख्या पार्श्वभूमीवर लाल बेट, आणि त्यात शिरलेल्या नसांचे हिरवे धागे, आरतीच्या आईच्या मागावरच्या रेशमाहूनही बारीक. मी चांदभाईंना बोलावलं. ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून कितीतरी वेळ उभे होते.

"हा कोनाचा?"

"सात नंबरचा."

"हितनं ऐकत होता व्हय," ते म्हणाले. मग डोळे पुसले आणि काच खराब आहे असं मला सांगितलं.

ते माझ्या आधी निवृत्त झाले. जाताना डबा मला दिला. "ठेवा. पर खाली नका वाजवू."

तो आता आमच्या गच्चीवर असतो. रोज सकाळी मी ज्वारी घेऊन वर जाते, टक्-टक्, टक् करते आणि टाकीवरच्या, तारेवरच्या सगळ्या चिमण्या, साळुंख्या खाली उतरतात. कॉलनीतल्या बायका आपापल्या गच्चीवरून बघतात. त्यांना वाटतं बाईंना म्हातारपणी छंद लागला. ज्या दिवशी घरातली ज्वारी संपलेली असते, त्या दिवशी पाखरं तारेवर येऊन बसतात, वाट बघतात, आणि मी गच्चीवर जातच नाही. आधी पिशवी घेऊन दुकानात जाते.